समान संधीचा पाठ

“शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तोच खरा शिक्षक,” असं शिक्षिका होऊ घातलेल्या बाईंनी बी.एड.च्या निबंधात लिहिलं होतं. आज त्यांच्या सराव पाठाला शेवटच्या बाकावर खुद्द परीक्षक बसले होते. तिथली ‘ढ’ मुलं वर्गशिक्षकांनी शाळेच्या रिवाजाप्रमाणे तासापुरती मैदानावर पिटाळली होती.

पाठाचा विषय होता, समान संधी. उरलेली हुशार मुलं घोकलेली उत्तरं धडाधड देत होती. परीक्षकांनी खुशीत विचारलं, “शाळेत कुणावर अन्याय होतो का रे?”

पहिल्या बाकावरची तेजल उठली. “होतो ना सर! पाठ असला की ढ मुलांना खेळायला सोडतात आणि आम्हाला इथे कोंडून ठेवतात. वर्षभरात मला एकदाही खो-खो खेळायला मिळालं नाही.”

मैदानावरचा कल्ला खिडकीतून आत आला. परीक्षकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी तेजलजवळ जाऊन दबक्या आवाजात दम भरला, “पुढच्या पाठाला तूही मैदानावर!”

तेजलने आनंदाने टुणकन उडी मारली. त्या शाळेत न्याय मागितला आणि लगेच मिळाला, असं पहिल्यांदाच घडलं.