पिवळी फीत

“आप्पा, तुम्ही मेलेले आहात! काळी फीत बांधलीय ना? झोपा बघू,” झीनत कळवळून म्हणाली.

“अगं, आलोच. डॉक्टरबाईंना गुडघा दाखवतो.”

शाळेच्या मैदानावर पुरातल्या मदतकार्याची रंगीत तालीम चालली होती. डॉ. वसुधा केळुसकरांच्या प्रथमोपचार वर्गातली झीनत आणि बाकीची मुलं खोट्या जखमींना फिती बांधत होती: गंभीर त्याला लाल, थांबू शकेल त्याला पिवळी, चालू शकेल त्याला हिरवी. पण जखमी म्हणून आलेले सगळे बाईंचेच जुने पेशंट. मुलांच्या हाती नाडी न देता एकेक जण उठून बाईंकडे निघे. व्यासपीठावरच्या पाहुण्यांत हशा पिकला.

“असला वर्ग पुढे चालवायचा कशाला?” जिल्ह्याच्या साहेबांनी विचारलं. उत्तर द्यायला बाई वर चढल्या आणि व्यासपीठच कडाडून खाली बसलं.

धुरळा बसायच्या आत मुलं पोचली.

“चालता येतंय? हिरवी. झाडाखाली बसा.”

“अगं मुली, मी प्रमुख पाहुणा...”

“बसा!”

साहेब निमूट बसले. मेलेले आप्पा स्ट्रेचर धरायला धावले.

बाईंचा घोटा टम्म सुजला होता. तरी त्या उठू लागल्या.

“मॅडम, तुम्हाला पिवळी आहे. हलायचं नाही. तुमची पाळी आली की बघते,” झीनतने दरडावलं आणि ती पुढे पळाली.

बाई मुकाट्याने आडव्या झाल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

झाडाखालून साहेबांनी विचारलं, “मॅडम, पुढच्या वर्षी किती मुलं घ्याल?”

“हळू बोला,” बाई कुजबुजल्या, “ती रागावेल.”