जुना रॉड

“आई, हट्ट पुरे आता,” मुलगा म्हणाला. बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचा फॉर्म त्याच्या खिशात होता. तिची सही तेवढी राहिली होती.

“गीझरचा रॉड त्यांनी एकट्यानं बदलला, तर फॉर्म फाडायचा. कबूल केलंयस तू.”

दोघं बाथरूमच्या दारात उभी राहिली. आत म्हातारा स्टुलावर चढला. चाळीस वर्षं लोकांचे गीझर दुरुस्त केलेला माणूस, पण गेल्याच महिन्यात गॅस चालू ठेवून फिरायला निघून गेला होता. तिला दुसरा काही उपाय सुचत नव्हता.

त्यांनी बटण बंद केलं. पाण्याचा कॉक फिरवला, टाकी बादलीत रिकामी केली. पहिलाच नट पान्याला हलका लागला, तसे ते थबकले.

“याला आधी कुणीतरी हात लावलाय.”

सकाळी तिनंच नट सैल करून ठेवले होते. पण ते नुसतं हुंकारले आणि कामाला लागले. टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला रॉड बाहेर आला. टाकीच्या वाटचा गंज अंगावर घेऊन त्याची पार काडी झाली होती. नवा रॉड बसला, नट आवळले गेले. आता टाकी भरायच्या आत बटण दाबलं, की गीझर जळणार. त्यांचं बोट बटणाकडे गेलं. तिनं ओठ दातांखाली धरला.

बोट मागे आलं. त्यांनी कॉक उघडला, नळाला सलग धार लागेपर्यंत वाट पाहिली, मगच बटण दाबलं. लाल दिवा लागला.

मुलानं फॉर्म काढला आणि फाडण्यासाठी मधोमध दुमडला. तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

ते हात पुसत बाहेर आले. जुना रॉड गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे काम झाल्याची खात्री पटते, ही त्यांची जन्माची शिस्त. त्यांनी तो तिच्या हातात ठेवला.

“हा बघा ताई, अगदी संपत आला होता. वेळेवर बोलावलंत.”

मुलाच्या हातातला फॉर्म तसाच राहिला.

“चहाबिहा नको हं,” चपला शोधत ते म्हणाले. “उशीर झाला, की घरी बायको जेवायची थांबते.”

तिनं रॉड मुठीत घट्ट धरला.

“थांबलीय हो,” ती म्हणाली. “अजून थांबलीय.”