कोंडलेली वाफ

"हा घ्या तुमचा पाव!" शिंपिणीने पाव फळीवर आपटला. "परवा तर नेला होता."

पावावर पांढरी लव आली होती, मधोमध हिरवी पडली होती, कडेला काळे ठिपके. फळीमागे उभ्या थोरल्या बहिणीने मान खाली घातली. महिनाभर हेच चाललं होतं. ज्या हातांनी पाव भाजून घर चालवलं, त्याच हातांनी म्हातारपणी दगा दिला, असं तिला वाटत होतं. फळ्या उकळत्या पाण्याने धुऊन झाल्या. आईची लाकडी परात तिने मन घट्ट करून फेकून दिली. बुरशी आपली हजर.

नवऱ्याची नोकरी गेल्यापासून धाकटी दुकानात येऊ लागली होती. पाव पिशव्यांत भरायची, विकायची आणि वर बहिणीची समजूत घालायची.

"वय झालं गं ताई. दुकान विकू, निम्मं-निम्मं घेऊ. माझ्याकडे गिऱ्हाईक तयार आहे."

थोरली शेवटी हो म्हणाली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

आज शेवटची भट्टी होती. पाव काढून झाल्यावर रोज ती पाठ टेकायला घरी जायची, आज पाय निघेना. ती मागच्या खोलीत डोकावली. धाकटी वाफाळते पाव पिशव्यांत कोंबून गाठी मारत होती. पिशव्यांना आतून घाम सुटला होता.

थोरलीचा जीव भांड्यात पडला. ती हसत सुटली.

"अगं वेडाबाई! वाफ कोंडली की तिचं पाणी होतं, आणि ओलाव्यात बुरशीचं चांगलंच फावतं. एवढंच होतं होय! आता कशाला विकायचं दुकान? थांब, दाखवते तुला."

खिडकीतल्या जाळीवर एक पाव वेगळा ठेवला होता. तिने तोच उचलला, पिशवीत घातला आणि गाठ मारली.

"तो नको!" धाकटीने पिशवी हिसकावली. "तो आमच्या पोरांचा आहे!"

तिने घाईघाईने गाठ सोडली. पाव बाहेर काढला, त्यावरचा ओलावा पदराने टिपला आणि नीट निवायला म्हणून पुन्हा जाळीवर ठेवला. मग तिचं बहिणीकडे लक्ष गेलं.

थोरलीचं हसू कधीच मावळलं होतं. ती आपल्या पीठ लागलेल्या हातांकडे बघत होती. त्या बिचाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं.