टँकरचं फडकं

पावसानं ओढ दिल्यापासून आमच्या गावात पाच दिवसांनी एकदा टँकर येतो. टँकर मोहनरावांचा. आज डेंग्यूच्या मोहिमेचं उद्घाटनही त्याच टँकरपुढं, मोहनरावांच्याच हातून झालं. मी गावची आशा सेविका, मागं पत्रकं धरून उभी होते.

मग टँकरनं पाणी वाटलं, त्याचे फोटो झाले आणि तालुक्याचे साहेब घरं तपासायला निघाले. पहिलंच घर छबुबाईचं. नुकत्याच भरलेल्या तिच्या बॅरलमध्ये त्यांनी बॅटरी मारली. आत अळ्या वळवळत होत्या.

"शी! माणसं हायत का जनावरं?" मोहनरावांनी नाकाला रुमाल लावला. "भांडी घासून कोरडी करा म्हणून सांगून सांगून घसा बसला आमचा!"

साहेबांनी बॅरल आडवं करायला लावलं. पाच दिवसांचं पाणी नालीत गेलं. त्याचाही फोटो निघाला.

आत छबुबाईची नात तापानं फणफणली होती. तरी छबुबाई ओरडली नाही. पदर खोचून ती मोहनरावांसमोर उभी राहिली आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली,

"मालक, तुमच्या टँकरच्या पायपाला आमी फडकं बांधून पाणी घेतो, दर टायमाला मूठभर अळ्या निघत्यात. आज तेवढं फडकं तुमी ह्या स्वप्नालीताईला सोडाय लावलं, साहेबांच्या फोटूत घाण दिसतंय म्हनून."