दोराचं खालचं टोक

"दोर ताठ धरा, मी फांदीवर सरकतेय!" वाळक्या गुलमोहरावरून शेवंता नवऱ्याला ओरडून म्हणाली. तिच्या कमरेचा दोर बेचक्यातून खाली महादबाच्या मुठीत आला होता.

लग्नापासून फांद्या तोडायला झाडावर तो चढायचा आणि दोर ती धरायची. संध्याकाळी भाकरी थापताना तिचे हात आखडले, की तो करवादायचा, "नुसता दोर तर धरतेस!" त्याचा गुडघा गेला, तशी अदलाबदल झाली.

फांदी कडाडून कोसळली. शेवंताचा पाय निसटला. ती हवेत लोंबकळली, पण महादबानं दोर सोडला नाही.

दोर थोडा थोडा सैल सोडत त्यानं तिला खाली उतरवलं. तिनं कमरेची गाठ सोडली, तरी त्याच्या मुठी मिटलेल्याच होत्या. तिनं एकेक बोट उलगडलं.

"सोडा आता. आले मी."

"आज भाकरी राहू दे," तो हळूच म्हणाला. "भात मी टाकतो."