अकरा दिवसांचा गिलावा

“झगा राहू दे,” बिंदाच्चो शेठ म्हणाले. “नुसता चेहरा बदल.”

नोफ्रीने भिंतीकडे पाहिलं. त्यानेच रंगवलेली भिंत. चित्रात मरियमच्या पायाशी शेठ गुडघे टेकून बसले होते आणि त्यांच्यामागे निळ्या झग्यात त्यांची बायको, तेस्सा. खरी तेस्सा मार्चमध्ये बाळंतपणात गेली. ऑक्टोबरात शेठनी दुसरं लग्न केलं. प्रातो शहरात त्यांच्याएवढा लोकरीचा व्यापारी नव्हता, आणि रविवारी घराण्याच्या प्रार्थनामंदिरात आल्यावर कोणती बायको खरी, असा घोळ त्यांना नको होता.

“निळा रंग समुद्रापलीकडून आणवलाय. तो कशाला वाया घालवायचा? दियानोराचा बांधा साधारण तोच आहे.”

“हो शेठ.”

नाही म्हणायला कारण लागतं. नोफ्रीकडे एकच होतं. ते सांगितलं असतं तर त्याच्या धडावर डोकं राहिलं नसतं आणि तेस्साच्या थडग्यावर थुंकायला अख्खं गाव लोटलं असतं.

“आणि हे बघ, मागच्या वर्षी उन्हाळ्यात एका चेहऱ्याला अकरा दिवस लावलेस. या खेपेला एका दिवसात उरक.”

चेहऱ्याला एकच दिवस लागतो. सकाळी थाळीएवढा ओला गिलावा भिंतीवर चढवायचा आणि तो सुकायच्या आत रंगवून मोकळं व्हायचं. मनासारखं उतरलं नाही तर संध्याकाळी करणीने खरवडून टाकायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा गिलावा. शेठ तेव्हा लोकर खरेदीला ब्रूजला गेले होते. नोफ्रीने तेस्साचा चेहरा दहा संध्याकाळी खरवडला, ती दुसऱ्या सकाळी पुन्हा यावी म्हणून. दहाही वेळा शीळ घालत.

ओल्याला करणी पुरते. मुरलेल्याला छिन्नी लागते. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने हनुवटीपासून सुरुवात केली. डोळे शेवटी ठेवले. वरून सुरुवात केली की धूळ फार पडते, असं त्याने स्वतःलाच सांगितलं.

खाली पडलेला चुरा गोळा करून तो खलात कुटत बसला होता, तेवढ्यात शेठच्या लापा आत्या नव्या सुनेला घेऊन आल्या. तेस्साचं चित्र चाललं होतं तेव्हाही राखणीला त्याच असायच्या. जपमाळेचे दहा मणी झाले की बाकावर घोरू लागायच्या. तेस्सासाठी घातलेलं सुतकाचं काळं बाकी घराने लग्नाच्या दिवशी उतरवलं होतं. आत्याबाईंच्या अंगावर ते अजून होतं.

“वाळू संपली का रे?”

“हो आत्याबाई.”

वाळूचा ढीग दाराशीच होता. आत्याबाईंनी ढिगाकडे पाहिलं, खलातल्या गुलाबी कणांकडे पाहिलं, आणि बाकावर बसून जपमाळ काढली. नोफ्रीने तो चुरा चुन्यात कालवला आणि भिंतीतल्या खळग्यात भरला.

दियानोरा सोळा वर्षांची होती. बसून बसून कंटाळली.

“आधीच्या बाई दिसायला कशा होत्या?”

“मान हलवू नका, बाईसाहेब.”

“झगा त्यांच्याच मापाचा ठेवलाय ना?” ती हसली. “बरं झालं. माझ्यानंतर येईल तिलाही बसेल.”

कोणी हसलं नाही. मग तीही हसायची थांबली, आणि नोफ्रीने चेहरा तसाच रंगवला.

दिवस कलताना शेठ आले. मागे सरून, मान तिरकी करून त्यांनी बायको पाहिली आणि खूश झाले.

“बघ! मनात आणलंस तर झालं की नाही एका दिवसात?” मग त्यांच्या कपाळाला हळूहळू आठी पडली. “तेव्हा अकरा का लागले रे?”

नोफ्री धुतलेला कुंचला पुन्हा धुवायला लागला.

“गिलावा धरत नव्हता,” आत्याबाई बाकावरून म्हणाल्या. “रोज उतरून पडायचा. मी होते ना इथे, डोळ्यांत तेल घालून बसलेली.”

“असं होय,” शेठ म्हणाले आणि बायकोचा दंड धरून बाहेर पडले.

आत्याबाई उठल्या. पवित्र पाण्याचं कुंड दाराशी होतं, तिथवर त्या गेल्याच नाहीत. नोफ्रीच्या घमेल्यात तळाशी त्याच चुऱ्याचा थोडा ओला गिलावा उरला होता. त्यांनी वाकून त्यात बोट बुडवलं, कपाळ, छाती, दोन्ही खांदे असा क्रूस केला, आणि काळ्या शालीवरचे पांढरे ठिपके न झटकता निघून गेल्या.