साहेबांची अट

ब्याण्णव साली निरवांगीच्या सिद्धूनं डाळिंबाची बाग लावायला नव्या शेतकऱ्याच्या अनुदानाचा अर्ज केला. शेतीखात्याचे साहेब म्हणाले, "घरात मेंढरं असतील तर अनुदान नाही. रोपं ठेवतील का ती?" सिद्धूनं बापजाद्यांपासून चालत आलेला सगळा कळप शेजारगावच्या भागोजीला विकून टाकला.

मग साहेबांनी रान पाहिलं. "माती हलकी आहे. लावणीआधी एक रात्र मेंढरं बसवून घे, लेंडीखत पडू दे. मी सकाळी बघायला येतो."

जवळपास कळप होता तो एकट्या भागोजीचा. त्यानं मेंढरं आणून रानात बसवली. सिद्धू मात्र खोपटाबाहेर आलाच नाही.

"आवं, जाऊन बघा की जरा," त्याची बायको सिंधुबाई म्हणाली.

"नगं. वळखत्याली मला."

सकाळी भागोजी कळप हाकून बांधापलीकडं पोचला, तेवढ्यात साहेबांची जीप आली. सिद्धूला बाहेर यावंच लागलं.

"खरंच विकलीस ना रे? का आपलीच दडवून ठेवलीस? कुणाची मेंढरं ही?"

"भागोजीची हायती, साहेब," सिद्धू म्हणाला.

 

त्याचा आवाज कानावर पडला मात्र, अख्खा कळप मागं फिरला आणि बांध ओलांडून सिद्धूच्या पायाशी येऊन उभा राहिला.